जमिनीखालचाही सातबारा हवा

आपल्या जमिनीचा सातबारा आपल्याला तोंडपाठ असतो. गट नंबर कोणता, पोटखराबा किती, इतर हक्कात कोणाचे नाव, सगळे. बांध हातभर सरकला तरी आपण मोजणी आणतो. पण त्याच जमिनीखाली पन्नास फुटांवर कोणता थर आहे, दोनशे फुटांवर काय आहे, असे कोणी विचारले तर? "पाणाड्याने पाणी सांगितले होते", यापलीकडे आपल्याजवळ उत्तर नसते.

शहाडला उल्हास नदीचे पाणी उचलले जाते आणि शहाड-टेमघर योजनेतून ते ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. नदीचे पाणी डोळ्यांना दिसते, म्हणून कोणी किती उचलायचे ते ठरवता येते. पण तेथून मुरबाड रस्त्याने वरप, कांबा, रायते, गोवेलीकडे निघा, नाहीतर शहापूरच्या पाड्यांवर जा. तिथली भिस्त विहिरीवर आणि बोअरवर. भातसा, तानसा, वैतरणा ही मोठी धरणे उशाला असून शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. गावाला आधार जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा, आणि त्याच पोटाची माहिती गावाला नाही!

आपला सगळा मुलूख काळ्या कातळाचा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. हे थर एकावर एक रचलेले आहेत. त्यात अखंड पाषाण आला की पाणी नाही. भेगांचा, झिजलेला किंवा छिद्रांचा दगड आला की पाणी मुरते आणि साठते. दोन थरांमध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो. कोकणपट्टीत तर कातळाच्या भेगांत शिरलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती जागोजाग आहेत. अशी भिंत आडवी आली, की अलीकडच्या बोअरला तीन इंच पाणी आणि पलीकडची कोरडी ठणठणीत. त्यात नशिबाचा दोष नाही. खाली भिंत आहे, एवढेच.

आता बोअरची गाडी आली म्हणजे काय होते ते आठवा. हवेच्या दाबाने दगडाची भुकटी वर येते. काळी-करडी आली तर कठीण पाषाण, तांबडी आली तर मातीचा पट्टा, पांढरे कण दिसले तर छिद्रांचा दगड. किती फुटांवर ओल लागली, किती फुटांवर पाणी फुटले, केसिंग कुठवर गेले, हे सगळे गाडीवाल्याला कळते. तो फुटांचा हिशेब करून पैसे घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या जिल्ह्यात जातो. भुकटी पावसात वाहून जाते. पुढच्या वर्षी शेजारी कर्ज काढून तिथेच तोच पाषाण पुन्हा फोडतो. कोरडी गेलेली बोअर ही सर्वांत महाग माहिती आहे, आणि तीच आपण सर्वांत आधी विसरतो.

सरकारचे काहीच काम नाही, असे नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग तर १८५१ चा. आणि १९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राच्या खाण मंत्रालयाने राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सुरू केले. देशभरातले भूगर्भाचे नकाशे, मोजण्या आणि शोधाचे अहवाल एका ठिकाणी आणायचे हे काम. पाऊल चांगले आहे. मात्र त्याची मांडणी मुख्यतः खनिज शोधणाऱ्यांसाठी आहे. गावच्या बोअरची नोंद, पुलाच्या खांबासाठी घेतलेल्या चाचणी भोकाची नोंद, बोगद्यासाठी काढलेल्या खडकाच्या नमुन्याची नोंद, ही सगळी एकाच भांडारात येऊन गावाला दिसली, तरच ते भांडार आपले.

इंग्लंडात हे शंभर वर्षांपासून चालते. १९२६ च्या कायद्याने खनिजांसाठी शंभर फुटांहून खोल भोक पाडणाऱ्यावर त्याची नोंद देण्याचे बंधन आले. पुढे पाण्यासाठी पन्नास फुटांहून खोल जाणाऱ्या विहिरींनाही तेच लागू झाले. आज तिथे दहा लाखांहून अधिक भोकांच्या नोंदी जमा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कोणालाही घरबसल्या पाहता येतात. हॉलंडने तर २०१८ पासून जमिनीखालच्या नोंदींचे सरकारी दप्तरच कायद्याने सुरू केले.

आपल्याकडे राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात विहिरींची आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी सांगितलेली आहे. मग शेतकरी पुढे का येत नाही? कारण त्याला वाटते, आज खोली लिहून दिली की उद्या पट्टी लागेल. ही भीती अगदीच हवेतली नाही. याच कायद्यात अधिसूचित क्षेत्रातल्या खोल विहिरींवर उपकर बसवण्याची तरतूद आहे. म्हणून सरकारने स्पष्ट लिहून द्यावे, की खडकाची नोंद वेगळी आणि वसुलीचे दप्तर वेगळे. भांडाराला मालकाचे नाव नको, जागा, खोली आणि थर पुरेत. विश्वास बसल्याशिवाय खरी माहिती येत नाही, हे कचेरीत बसणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

पण माहिती लपवून आपलेही भले होत नाही. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. दगडखाणीचा अर्ज घेऊन येणाऱ्याच्या हाती खालच्या कातळाचा नकाशा, आणि हात वर करणारी ग्रामसभा अंधारात, हा सौदा बरोबरीचा म्हणायचा का? त्या खाणीने आपल्या विहिरीचा झरा तुटेल की नाही, हे विचारायला तरी आपल्याजवळ कागद हवा.

म्हणून सरपंच मंडळी, दिल्लीच्या भांडाराची वाट पाहत बसू नका. शंभर पानी वही घ्या. गावात बोअर किंवा विहीर पडली की गट नंबर, तारीख, एकूण खोली, दर दहा फुटांवरच्या भुकटीचा रंग, पाणी कुठे लागले आणि मे महिन्यात किती उरले, एवढे लिहा. कोरड्या बोअरला लाल शाईने खूण करा. हा कागद भरल्याशिवाय गाडीवाल्याचे शेवटचे पैसे देऊ नयेत, असा ठराव ग्रामसभेत घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांनी, वर्षातून एकदा वहीची नक्कल भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. बदल्यात यंत्रणेकडून गावाचा भूजल नकाशा मराठीत मागावा आणि तो चावडीवर लावावा.

पाच वर्षांत ही वही भरेल. मग बोअर घेणारा आधी वही उघडून बघेल आणि नारळ नंतर फोडेल. आजोबांनी बांधाचे दगड रोवून ठेवले म्हणून आज भाऊबंदकीचे निम्मे तंटे मिटतात. आपण खालच्या थरांची नोंद ठेवली, तर नातवंडांचे निम्मे कर्ज वाचेल.