विचरची तहकीकात

केट समरस्केल या इंग्रज लेखिकेचा ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर विचर’ (२००८) हा ग्रंथ वाचून झाल्यावर विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) पुन्हा काढण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. कारण पहिल्यात जी सत्य हकीकत सांगितली आहे, तिच्यातलेच एक वस्त्र दुसरीने उसने घेतले आहे.

१८६० च्या जूनअखेरीस विल्टशायरमधील रोड या गावी, कारखान्यांच्या एका तपासनिसाच्या घरातून त्याचा जेमतेम पावणेचार वर्षांचा मुलगा रात्रीत नाहीसा झाला आणि सकाळी आवारातील शौचकूपात, गळा चिरलेल्या स्थितीत, सापडला. स्थानिक पोलिसांची अक्कलहुशारी अशी की, स्वयंपाकघरातील बंबाच्या भोकात मिळालेले रक्ताळलेले अंतर्वस्त्र, मालकीण ते न्यायला येईल या आशेने, त्यांनी जागच्या जागी परत ठेवले. पुढे तो मुद्देमालच गडप झाला, आणि ही गोष्टही त्यांनी दडवून ठेवली.

मग स्कॉटलंड यार्डातून जोनाथन विचर आला. १८४२ साली स्थापन झालेल्या गुप्त पोलीस खात्यातील पहिल्या आठ असामींपैकी हा एक. धुण्याच्या हिशेबात एक शयनवस्त्र कमी भरते, मुख्यतः या एका धाग्यावर त्याने घरधन्याची पहिल्या बायकोपासून झालेली सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स हिला कैद केले. परंतु पुरावा तोकडा पडून ती सुटली, आणि एका पोलिसाने कुलीन कन्येवर आळ घेतला म्हणून वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली. १८६४ मध्ये तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सने आपण होऊन कबुलीजबाब दिला!

कॉलिन्सच्या कादंबरीतही हरवलेले शयनवस्त्र आहे, फक्त त्याच्यावरचा डाग रक्ताचा नसून दाराच्या ओल्या रंगाचा आहे. आणि तिथला गुलाबवेडा सार्जंट कफ घरच्या कन्येवर संशय घेऊन साफ चुकतो, तरी अखेरीस खऱ्या चोराचे नाव मोहोरबंद पाकिटात लिहून देण्याचा मान त्याचाच. चुकलेल्या कफला वाचकांनी डोक्यावर घेतले. बरोबर निघालेल्या विचरला त्याच्या समकालीनांनी घरी बसवले. कादंबरीकाराला आम्ही दोष देत नाही, कारण वाचकाला न्याय हवा असतो आणि तो पुरवणे हा त्याचा धंदाच आहे.

समरस्केलबाई मात्र कबुलीजबाबावर थांबत नाहीत. बहिणीने सारा कसूर स्वतःवर घेऊन भावाला, विल्यमला, वाचवले असावे, असा त्यांचा तर्क आहे, आणि त्याच्यावर विचरचाही संशय होता. हा विल्यम पुढे सागरी प्राणिशास्त्रज्ञ म्हणून ऑस्ट्रेलियात नावाजला. वीस वर्षांची कैद भोगून कॉन्स्टन्सही तिकडेच गेली, आणि १९४४ साली शंभर वर्षांची होऊन वारली.