संकेतस्थळांचा पाणवठा कुणासाठी खुला?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची आमच्या वस्त्यांत चर्चा झालीच नाही. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलांना केवायसी करताना मोबाईल सांगत होता, 'डोळे मिचकावा'. ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत, त्यांनी काय मिचकवायचे? न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याआधी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात याच न्यायालयाने दिव्यांग हक्क नियमांतील नियम १५(१) बेकायदा ठरवला होता. कारण काय? तर २०१६ चा कायदा सुगम्यता बंधनकारक करतो आणि त्याखालचा नियम मात्र नुसत्या शिफारशींवर बोळवण करतो!

शिफारस आणि बंधन यांतला फरक आम्हाला कुणी शिकवण्याची गरज नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले, म्हणजे कागदावर केले. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आज सरकारी संकेतस्थळांचे तेच झाले आहे. ती कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २००९ मध्ये काढली, २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली. कागद भरपूर आहे.

दिल्लीच्या या निकालांचा खानदेशातल्या गावाशी काय संबंध, असे कुणी विचारील. १९४४ मध्ये, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आज महाडीबीटीवर अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. जातीचा दाखला असो की उत्पन्नाचा, सगळ्यांची वाट मोबाईलच्या काचेतून जाते. ज्याला तो पडदा वाचता येत नाही त्याचा हक्क तेथेच अडतो, आणि अडवणारा माणूस दिसतही नाही. तक्रार करायची कुणाविरुद्ध?

मुंबई-आग्रा महामार्गावरचे आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. तेथील अभ्यासिकेतल्या तरुणांनी शिष्यवृत्ती, जातवैधता आणि वसतिगृहप्रवेशाची माहिती एका जागी देणारे साधे संकेतस्थळ काढायचे ठरवले. पहिला आराखडा बघायला त्यांनी आम्हाला बोलावले. पोरांची तळमळ खरी. पण आराखडा? पडदा भरून महापुरुषांची छायाचित्रे, त्यावर आडवी धावणारी अक्षरे, फिकट निळ्यावर पांढरा मजकूर, आणि मुख्य सूचना चित्राच्या रूपात चिकटवलेली. अभ्यासिकेत येणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने टॉकबॅक चालू करून फोन कानाशी धरला. शेवटची तारीख, कागदपत्रे, फोन नंबर, सगळे त्या चित्रात होते. फोन एवढेच बोलला, 'इमेज'.

सगळे गप्प झाले. आम्हीही. कारण आमच्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका आम्ही वर्षानुवर्षे अशाच चित्ररूपात पाठवत आलो आहोत. त्याआधी तर युनिकोडही नव्हते. वेगवेगळ्या खासगी फॉन्टांत टाईप केलेले मराठी लेख आज उघडले तर अक्षरांच्या जागी नुसती रोमन भेंडोळी दिसतात. प्रस्थापितांना जाब विचारताना आमच्याही दाराशी पायरी किती उंच आहे, हे पाहिले पाहिजे.

मग लॅपटॉप मिटून कागद-पेन्सिल घेतली. येणारा माणूस कोणत्या कामासाठी येतो, याची यादी आधी केली. शेवटची तारीख सर्वांत वर, त्याखाली कागदपत्रे, त्याखाली कुठे जायचे. एका पानावर एकच काम. बहुतेकांकडे फोनच असतो, म्हणून सगळे एका सरळ रांगेत, वरून खाली.

रंगाचा वाद मात्र तासभर चालला. निळा सोडणार नाही, असे एकजण हट्टाने म्हणाला. सोडू नकाच! आंतरराष्ट्रीय मानकांनुसार साध्या अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा निदान ४.५ ला १ इतका वेगळा हवा. पांढऱ्यावर गडद निळा हे माप सहज ओलांडतो. आभाळी निळा नापास होतो, आणि पिवळा तर विचारूच नका. चूक दाखवायला नुसता लाल रंग नको, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. 'तारीख भरली नाही' असे शब्दांत लिहा. रकान्याचे नाव रकान्याबाहेर हवे. आत फिकट लिहिलेले नाव टाईप करू लागताच नाहीसे होते आणि आजीला फॉर्म भरून देणारी नात गोंधळते. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. शोभेसाठी अक्षरे सुटी केली तर शिरोरेषाच तुटते. ही शेवटची गोष्ट बाहेरून आलेल्या तयार नमुन्यांत कुणी सांगत नाही.

महापुरुषांचे छायाचित्र काढायचे का? नाही काढले. एक ठेवले, लहान केले आणि त्यामागे दृष्टिहीनांसाठी वर्णन लिहिले.

पुढच्या रविवारी तोच विद्यार्थी नवा आराखडा कानाने तपासणार आहे. शेवटची तारीख पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू आली पाहिजे, अशी त्याची अट आहे. निळा नेमका कोणता, ते त्यानंतर ठरेल.