मोपातील चूक आणि मनोऱ्याची नजर

पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर ५ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाने धावपट्टीऐवजी टॅक्सीवेवरूनच उड्डाणाचा प्रयत्न केला. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या हे लक्षात आले, उड्डाण रद्द झाले आणि अनर्थ टळला. वैमानिकांना कामावरून बाजूला ठेवण्यात आले व चौकशी सुरू झाली. डिचोलीतील सर्वणसारख्या गावच्या प्रवाशाला आता दाबोळीपेक्षा मोपा जवळ पडते. त्यामुळे हा प्रकार गोमंतकीयांनी विसरावा असा नाही.

नियंत्रकाने दिलेला आदेश वैमानिकाने रेडिओवर परत म्हणून दाखवायचा आणि नियंत्रकाने तो ऐकून पडताळायचा, ही विमान वाहतुकीतील जुनी शिस्त आहे. मात्र आदेश कळल्याचे सांगणे आणि तो पाळणे यांतील अंतर किती भीषण ठरू शकते, हे भारताने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात पाहिले. दिल्लीकडे उतरत असलेल्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांची मर्यादा दिली होती. ते त्याखाली आले आणि १४ हजार फुटांवरील सौदी विमानावर आदळले. ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक वैमानिकांचे तोकडे इंग्रजी हेही तेव्हा चर्चेत आले.

जमिनीवरची चूक याहून फसवी असते. विमान नेमके कोठे उभे आहे, हे रेडिओवरील आवाजावरून कळत नाही. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेई येथे सिंगापूर एअरलाइन्सच्या वैमानिकांना डावीकडील धावपट्टी दिली होती. ते वळले शेजारच्या, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या पट्टीवर. वादळी पावसात मनोऱ्याला विमान दिसत नव्हते आणि जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडारही तेथे नव्हते. विमान बांधकामाच्या यंत्रांवर आदळून ८३ जणांचा बळी गेला. मोपात नियंत्रकाची नजर कामी आली. पावसाळ्यात हे पठार धुक्यात बुडते, तेव्हा केवळ त्या नजरेवर किती विसंबायचे?

वैमानिकांची चूक गंभीरच आहे, तिची पाठराखण करण्याचे कारण नाही. पण दोघांना घरी बसवल्याने तिसरा वैमानिक तेच वळण चुकणार नाही, याची हमी मिळत नाही. टॅक्सीवेच्या मध्यरेषेवर हिरवे दिवे आणि कडेला निळे, तर धावपट्टीच्या कडेला पांढरे, हा फरक प्रशिक्षणात शिकवला जातो. तरीही कॉकपिटमधील दोघांनाही तो जाणवला नाही, तर त्या वेळी त्यांचे लक्ष कशात गुंतले होते? सलग ड्युटी किती झाली होती? वळणावरच्या खुणा पुरेशा ठळक होत्या का? टॅक्सीवेवर विमानाचा वेग वाढताच कॉकपिटमध्ये बोलून इशारा देणारी यंत्रणाही आज उपलब्ध आहे. चरखी दादरीनंतर भारताने टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची केली. जमिनीवरच्या या इशाऱ्याबाबत तसा निर्णय घ्यायला अपघात घडण्याची वाट पाहावी लागू नये.