दम लागतो, पण दिसत नाही

माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रोड आणि नाशिककडे जाणारा महामार्ग एकत्र येतात. ट्रकांचा धूर आणि त्यात मेट्रो ४ च्या कामाची धूळ. धडधाकट माणूस रुमाल लावून पुढे जातो. सीओपीडीचा रुग्ण मात्र घरातच थांबतो. असे दिवस वाढत जातात आणि तो लग्न, जनाजा, जुमा, बाजार सगळ्यांतून गळतो.

आपण काय म्हणतो? "खोकतोय, टीबी असेल." "बिडी ओढली, आता भोगा." "दिसायला तर ठणठणीत आहे!" सीओपीडी एकापासून दुसऱ्याला होत नाही. बिडीला कधी हात न लावलेल्या, पण चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो. तरी मुलीचं स्थळ मोडेल या भीतीने घरात इन्हेलर लपवला जातो. बदनामीला घाबरून औषध चुकतं आणि आजार बळावतो.

रमजानमध्ये तर आपण मुफ्तीच होतो. "रोजा का नाही?" सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे. अल्लाहने दिलेली सवलत काढून घेणारे आपण कोण? खुर्चीवर नमाज पढणाऱ्याकडे वळून पाहणंही थांबवा.

सरकारची नजरही अशीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन आहेत, आणि ते योग्यच आहे. पण दहा पावलांत धाप लागणाऱ्या फुप्फुसाच्या रुग्णाचं नाव नाही. नाव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून दिव्यांगांच्या सवलती नाहीत. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढला तर लोक विचारतात, "तुला काय झालंय?"

यादी वाढवली तर खोटी प्रमाणपत्रं निघतील, असं काही जण म्हणतील. अहो, स्पायरोमेट्रीत माणूस पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकतो, हे आकड्यांत मोजता येतं. शंका आली तर पुन्हा मोजा.

यासाठी नवा कायदाही नको. त्याच कायद्याच्या परिशिष्टात केंद्र सरकारला अधिसूचना काढून नवे प्रकार जोडायची मुभा आहे. आपल्या खासदाराला ही मागणी लेखी द्या. आणि मोहल्ल्यात खोकणारा माणूस दिसला तर सरकून बसू नका, त्याला पंख्याखालची जागा द्या. त्याला अधिसूचना लागत नाही.