आवृत्ती एकच, रंग मात्र दोन

दोन संगणकांवरून छापलेला रंग जुळला नाही की आधी शाईला दोष दिला जातो, मग कागदाला. छपाईतील रंगांचे वर्तन नोंदवणारी प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर संशय येतो तो सर्वांत शेवटी, आणि आवृत्तीचा क्रमांक पाहताच तो मावळतोही. दोन्ही संगणकांवर आकडा तोच, मग फरक कुठून येणार? हा निष्कर्ष घाईचा आहे.

ऑस्ट्रेलियातील ग्रेम गिल यांचे ‘आर्गिल सीएमएस’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पाहा. त्यातील ‘टार्जेन’ रंगांचे नमुने ठरवते, ‘प्रिंटटार्ग’ त्यांचा तक्ता मांडते, छापलेला तक्ता ‘चार्टरीड’ स्पेक्ट्रोफोटोमीटरने वाचून घेते आणि ‘कोलप्रॉफ’ त्या मोजमापांतून प्रोफाइल तयार करते. कोणी गिल यांनी दिलेला तयार बिल्ड, म्हणजे कंपाइल केलेली प्रत घेतो, कोणी डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स वितरणांचे पॅकेज, कोणी स्वतःच कंपाइल करतो. स्रोत एकच असला तरी कंपायलर, लायब्रऱ्या आणि प्रोसेसर वेगवेगळे असतात.

संगणकाची दशांश गणिते क्रमावर अवलंबून असतात. नेहमीच्या 64 बिटांच्या गणितात 0.1 आणि 0.2 ची बेरीज करून त्यात 0.3 मिळवले, तर उत्तर 0.6000000000000001 येते, 0.2 आणि 0.3 आधी मिळवले तर 0.6. जुन्या 32 बिटांच्या इंटेल बिल्डमध्ये मधली उत्तरे 80 बिटांत राहत आणि मेमरीत जाताना 64 बिटांत कापली जात. जीसीसी कंपायलरकडे याबद्दलची तक्रार 2000 साली 323 या क्रमांकाने नोंदली गेली. नव्या प्रोसेसरांवर गुणाकार आणि बेरीज एकाच पायरीत होऊ शकतात, तेव्हा दोनदा होणारे पूर्णांकन एकदाच होते. सोळाव्या अंकातला हा फरक डोळ्यांना दिसणारा नाही. पण हजारो फेऱ्यांनी उत्तर सुधारत नेणाऱ्या गणितात दोन जवळपास सारख्या पर्यायांतून निवड करायची वेळ आली, तर वाट बदलू शकते.

म्हणून शोधाची सुरुवात नव्याने तक्ता छापून करू नये. मोजमापांची एकच ‘टीआय3’ फाइल दोन्ही बिल्डना द्यावी, पर्यायही तेच ठेवावेत. तयार झालेल्या फाइली बाइटगणिक ताडून पाहण्यात अर्थ नाही. आयसीसी प्रोफाइलच्या शीर्षभागात निर्मितीची तारीख-वेळ असते, त्यामुळे तोच बिल्ड दोनदा चालवला तरी त्या जुळणार नाहीत. आतली रंगकोष्टके ताडावीत, ‘प्रोफचेक’ने डेल्टा-ई, म्हणजे रंगांतील फरकाच्या मापातल्या, चुका पाहाव्यात. आकडे जुळले, तर बिल्ड निर्दोष. मग प्रिंटर ड्रायव्हरची स्वतःची रंगदुरुस्ती एका संगणकावर चालू राहिली का, कागदाचा प्रकार चुकीचा निवडला का, शाई सुकण्याआधीच मोजणी झाली का, हे तपासावे. डोळ्यांना दिसणारे फरक बहुतेकदा इथेच सापडतात.

पण हा सगळा भार छोट्या स्टुडिओतल्या माणसावर का पडावा? महागडा कागद आणि शाई त्याचीच खर्च होते. डेबियनमध्ये 2013 पासून, त्याच स्रोतातून आणि त्याच साधनांनी बाइटगणिक तेच पॅकेज पुन्हा घडावे, यासाठी काम चालू आहे. कंपायलर आणि लायब्रऱ्यांची नोंदही ठेवली जाते. रंगाच्या सॉफ्टवेअरने याच्या पुढे जायला हवे, कारण प्रोसेसर बदलला की ही हमी पुरत नाही. प्रकल्पाने एक नमुना मोजमाप-फाइल, तिचे अपेक्षित उत्तर आणि किती डेल्टा-ई फरक चालेल ती मर्यादा द्यावी. पॅकेज बांधणाऱ्याने प्रत्येक बिल्डवर ती चाचणी चालवून निकाल, कंपायलरचे पर्याय आणि स्वतः केलेले बदल पॅकेजसोबतच प्रसिद्ध करावेत.