पारितोषिक आणि रातपाळी

दरवर्षी थंडीच्या अखेरीस चित्रपट-पारितोषिकांच्या वार्तांना बहर येतो, आणि कोणत्या चित्रपटाची शिफारस झाली, कोणाचे नाव यादीतून गळाले, परीक्षकांनी न्याय केला की कोणाची मुरवत राखली, याची चर्चा वृत्तपत्रांतून आठवडेच्या आठवडे चालते. त्या चर्चेविषयी मला अनादर नाही. परंतु सुरतेच्या बमरोलीत, जेथे यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस कानांवर आदळत असतो, तेथे बसून ती वाचताना यंदा एक प्रश्न काही केल्या मनातून हलेना : ज्यांची कथा सांगितली म्हणून हा गौरव, त्यांनी ती कथा पाहिली काय?

प्रश्नास निमित्त झाला तो ‘होमबाउंड’ हा हिंदी चित्रपट. 2020 च्या टाळेबंदीत सुरतेच्या कापडधंद्यात राबणारे दोन तरुण मित्र, एक मुसलमान आणि एक दलित, उत्तर प्रदेशातील आपल्या गावी परतत असता एक वाटेतच कोसळला आणि पुढे इस्पितळात त्याने प्राण सोडला; तो कोसळला तेव्हा दुसरा त्याचे मस्तक मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसून राहिला. त्या प्रसंगाचे छायाचित्र देशभर पसरले, बशारत पीर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि त्या लेखाचा आधार घेऊन नीरज घायवान यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. 2025 च्या मे महिन्यात तो कान महोत्सवात दाखवला गेला, सप्टेंबरात भारताची प्रवेशिका म्हणून ऑस्करसाठी निवडला गेला आणि डिसेंबरात पंधरा चित्रपटांच्या यादीत दाखलही झाला. अंतिम पाचांत मात्र त्याला स्थान मिळाले नाही. त्याबद्दलची हळहळ माझ्याही मनात आहे, पण तेवढ्यावर हा विषय संपत नाही.

आमच्या गल्लीत खानदेशातून आलेला एक मुलगा माग चालवतो. सायंकाळी पाळी बदलण्याच्या वेळी चहाच्या टपरीपाशी तो मोबाईलवर हा चित्रपट तुकड्यातुकड्यांनी पाहात असे. केसांत आणि पापण्यांवर कापसासारखी तंतूंची पांढरी भुकटी, एक हात कानाशी धरलेला, कारण समोरच्या कारखान्यातील मागांच्या आवाजात संवाद ऐकूच येत नव्हते. रस्त्याच्या कडेचा तो प्रसंग त्याने आवाजाविनाच पाहिला. मग पडदा माझ्याकडे वळवून तो म्हणाला, ‘‘आप्पा, हाई तं आपलीच गोट शे.’’ पुढचे काही न बोलता त्याने मोबाईल खिशात घातला आणि तो रातपाळीवर रुजू झाला.

असल्या चित्रपटांना प्रेक्षकच नसतो, परीक्षकांची आणि जनतेची अभिरुची निराळी असते, असा एक आक्षेप या मोसमात हटकून घेतला जातो. मला तो निराधार वाटतो. बारा तासांच्या पाळीतून सुटलेल्या माणसास ज्या वेळी उसंत मिळते त्या वेळी खेळ नसतो, खेळ असतो तेव्हा तो मागापाशी असतो, आणि तिकिटाचा दर त्याच्या दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहिला तर कुटुंबासह चित्रपट पाहणे त्याला झेपणारे नसते. मग प्रेक्षक नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे निमंत्रणच न दिलेल्या पाहुण्यास गैरहजर ठरवण्यासारखे आहे.

आपल्या मराठीस तर पारितोषिकांचा मान प्रारंभापासून लाभलेला आहे. राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली त्या 1954 सालीच आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले, आणि 2025 मध्ये जाहीर झालेल्या पारितोषिकांत सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’स सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. मूळ पुस्तकाचे कर्ते साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. आणि अमळनेर हे त्याच ताप्ती रेल्वेमार्गावरील स्थानक, ज्या मार्गाने खानदेशची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या उधन्यास उतरत आली. 2004 साली ‘श्वास’ ऑस्करला निघाला तेव्हा त्याच्या खर्चासाठी सामान्य मराठी माणसांनी वर्गणी दिली होती. ज्या समाजाने आपल्या चित्रपटास परदेशी पाठवण्यासाठी पदरमोड केली, त्याच्या दारी तो चित्रपट आणण्याची तरतूद कोणत्याही नियमावलीत नसावी, हे मला अन्यायाचे वाटते.

ऑस्करच्या अकादमीने यंदापासून असा नियम अंमलात आणला की, एखाद्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट न पाहणाऱ्या सभासदास त्या विभागात अंतिम मतदान करता येणार नाही. नियम उत्तम आहे, आणि त्याचीच दुसरी बाजू आपण आपल्या नियमांत दाखल करावी : राष्ट्रीय वा राज्य पारितोषिक मिळवणारा, किंवा भारताची प्रवेशिका म्हणून निवडलेला प्रत्येक चित्रपट वर्षाच्या मुदतीत त्या वस्तीत, त्या गावी, नाममात्र दरात दाखवला जावा, ज्याची कथा त्याने सांगितली, आणि त्याचा खर्च पारितोषिकाच्याच निधीतून व्हावा. यात्रांच्या मैदानांवर तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या, सरकारी प्रचारगाड्यांनी खेडोपाडी भिंतीवर पडदा लावलेला पाहिलेल्या या देशास हे अवघड नाही.

हुकुमाची वाट न पाहता सुरत महानगरपालिकेने आणि येथील मराठी मंडळांनी आरंभ बमरोलीपासून करावा. एखाद्या शाळेचे सभागृह पुरे आहे. मात्र पहिला खेळ सकाळी आठचा ठेवावा. रातपाळी सातला सुटते.