शेवटचे टोक



गेल्या रविवारी मामेभावाबरोबर आपल्या उज्जैनच्या मक्सी रोडवर एका छोट्या कारखान्यात गेलो होतो. दादाला नोकरी सोडून किचन टॉवेलचे रोल करायचे मशीन घ्यायचे आहे. मामी म्हणाली, "तू इंजिनिअर, तूच बघून ये." मी सॉफ्टवेअरवाला, पण मामीला कोण समजावणार!

मशीनचे काम तसे सरळ. मोठ्या जंबो रोलवरून कागद सुटतो, दातेरी पाते ठरावीक अंतरावर छिद्रांची ओळ पाडते आणि कागद पुठ्ठ्याच्या लांब नळीवर गुंडाळला जातो. अशा छिद्रांच्या रोलचे पेटंट अमेरिकेत सेथ व्हीलर यांनी १८९१ मध्येच घेतले होते. शेवटी टोक चिकटवायचे आणि करवतीने तुकडे पाडायचे.

खरी गोम त्या टोकात आहे. गोंद कमी पडला तर कापतानाच रोल उलगडतो; जास्त झाला तर घरी टोक सोडवताना चार पदर फाटतात. तिथे हे काम एक बाई ब्रशने करत होत्या. दादाने विचारले, किती लावायचा? "भैया, कागज गीला नहीं दिखना चाहिए, बस."

गोंद लावायचेही ऑटोमॅटिक मशीन मिळते, पण त्यासाठी कर्ज वाढणार. मी म्हटले, "दादा, आधी महिनाभर सुट्टी घेऊन त्या बाईंच्या शेजारी बस. मग राजीनाम्याचे बघू."

दादाने सुट्टीचा अर्ज दिलाय. मामी अजून माझ्याशी नीट बोलत नाही!